छिद्रान्वेषणाच्या बाजूने

१

मराठीत ‘छिद्रान्वेषी’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. एखाद्या समीक्षकाने मान्यवर कादंबरीतील विसंगती दाखवली, की हे विशेषण त्याला चिकटवून मोकळे होण्याची आपली जुनी रीत आहे. सज्जनाने गुण पाहावेत, दोषांकडे डोळेझाक करावी, असा त्यामागचा संस्कार. प्रस्तुत लेखात मला ह्या छिद्रान्वेषणाची बाजू घ्यायची आहे, आणि तीही संगणकाच्या प्रांतातील एका उदाहरणावरून. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी असलेल्या पानावर ‘हॅकिंग’चा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे अशी अपेक्षा आहे. न मिळाल्यास तो दोष लेखकाचा.

मी रायगडच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात उरणकडचा एक मुलगा होता. कॉलेजसाठी अलिबाग तालुक्यात मामाकडे राहायचा. वडील न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवणारे. मुलगा अभ्यासात बेताचा, मात्र वाचायला दिलेले पुस्तक परत आणून देणारा. आणि शिक्षकांना ठाऊक आहे, की हा गुण दुर्मीळ असतो. एका दुपारी तो स्टाफरूममध्ये लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, “सर, मी आज एक मशीन फोडलं.”

मी दचकलो, हे कबूल केले पाहिजे. ‘फोडलं’ हे क्रियापद आपल्या कानांना तिजोरीच्या संदर्भात परिचित. त्याने समजावून सांगितले तेव्हा कळले, की ते यंत्र मुद्दामच फोडण्यासाठी ठेवलेले होते.

२

‘पेनिट्रेशन टेस्टिंग’ ह्या व्यवसायाला मराठीत अजून रुळलेला शब्द नाही. त्याचा अर्थ साधा आहे. संगणकव्यवस्थेच्या मालकाने लेखी संमती देऊन एखाद्याला सांगायचे, की तू चोराच्या नजरेने माझ्या घरात शिरून पाहा. शिरता आले तर कुठून आलास ते लिहून दे. हे काम शिकायचे तर शिकाऊ माणसाने कोणाचे घर वापरावे? त्यासाठी सरावाची यंत्रे तयार केली जातात. ती बनवणारा त्यात जाणूनबुजून एखादे भोक ठेवतो आणि ते यंत्र शिकणाऱ्यांसाठी खुले करतो. ‘हॅक द बॉक्स’, ‘ट्रायहॅकमी’ ह्या ठिकाणी अशी शेकडो यंत्रे आहेत. शिकणारा एका सुरक्षित वाटेने त्या यंत्रापर्यंत पोचतो, आत शिरतो आणि आत ठेवलेली एक छोटी मजकूर-फाईल वाचतो. त्या फाईलमध्ये निरर्थक अक्षरांची एक ओळ असते. ती ओळ आणून दाखवली, की शिरल्याचा पुरावा मिळाला.

माझ्या विद्यार्थ्याने फोडलेल्या यंत्राचे नाव ‘ब्लू’. नवशिक्यांच्या यादीतील हे एक प्रसिद्ध यंत्र. वर उल्लेखिलेल्या दोन्ही ठिकाणी ह्याच नावाचे आणि ह्याच भोकाचे यंत्र आहे. वरकरणी ते विंडोज ७ चालवणारा एक जुनाट संगणक. शिकणारा आधी ‘एनमॅप’ नावाच्या साधनाने त्याची दारे ठोठावून पाहतो. प्रत्येक संगणकाला अशी ६५,५३५ क्रमांकित दारे असू शकतात. ज्या दारामागे कोणी ऐकत असेल ते उत्तर देते. ‘ब्लू’च्या ४४५ क्रमांकाच्या दाराआड फायलींची देवाणघेवाण करणारी जुनी सेवा बसलेली असते. ती नुसते ‘मी आहे’ म्हणत नाही. आपण कोण, कोणत्या घराण्यातले, वय किती हेही ती बोलण्याच्या ओघात सांगून टाकते. त्या माहितीवरून शिकणारा ताडतो, की हिच्यात अमुक एक दोष असावा. मग ‘मेटास्प्लॉइट’ नावाच्या साधनसंचातून त्या दोषासाठी तयार असलेला प्रोग्रॅम काढायचा, समोरच्या यंत्राचा पत्ता भरायचा, स्वतःचा पत्ता भरायचा आणि कळ दाबायची. काही क्षणांत त्या संगणकाची सर्वोच्च सत्ता शिकणाऱ्याच्या हाती येते.

माझ्या विद्यार्थ्याला हे सर्व करायला पाऊण तास लागला होता. तो आनंदात होता. मी त्याला विचारले, “दार का उघडलं?”

“सर, ते व्हल्नरेबल होतं.”

“म्हणजे काय होतं?”

तो गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, की इंटरनेटवर ह्या यंत्राचे ‘वॉकथ्रू’ आहे, त्यात पायऱ्या दिल्या होत्या, त्या तशाच केल्या.

३

येथे मला हसू आले, कारण हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मर्ढेकरांच्या कवितेवरील प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी लिहितो. उत्तर बरोबर असते. त्यात ‘यंत्रयुगातील मानवाची अगतिकता’ हे शब्द असतात. आणि कविता त्याने वाचलेली नसते. गाईडमध्ये पायऱ्या दिलेल्या असतात. त्याही तशाच करायच्या. दार उघडते, गुण मिळतात, निरर्थक अक्षरांची ओळ हाती येते.

सरावाच्या यंत्राचा हा पहिला धोका आहे, आणि त्याचे समर्थन करणाऱ्यांनी तो झाकू नये. तेथे भोक आहे ही खात्री शिकणाऱ्याला आधीच असते. खऱ्या जगात ती नसते. अभ्यासक्रमात लावलेल्या कवितेत ‘अर्थ’ आहेच आणि तो परीक्षेपुरता कोणीतरी काढून ठेवलेला आहे, ही खात्री जशी वाचकाला आळशी बनवते, तशीच ही खात्री शिकाऊ हॅकरला बनवते. पाऊण तासात ‘ब्लू’ फोडणाऱ्या हजारो मुलांपैकी किती जणांना ते का फुटले हे सांगता येईल, ह्याविषयी मला शंका आहे.

मी त्याला नेहमी वर्गात सांगतो तेच सांगितले : गाईड मिटव, संहिता उघड. पंधरा दिवसांनी तो परत आला. त्याने आणलेली गोष्ट मला इतकी आवडली, की ती येथे थोडी विस्ताराने सांगतो. तांत्रिक तपशिलात माझी चूक होऊ नये म्हणून मी ती त्याच्याकडून दोनदा समजावून घेतली आहे.

विंडोजच्या त्या फाईल-सेवेत एक जुना कोपरा होता. १९८० च्या दशकात जन्मलेल्या ‘ओएस/२’ नावाच्या संगणकप्रणालीशी बोलता यावे म्हणून तो ठेवलेला. ओएस/२ चा जमाना कधीच मागे पडला. कोपरा मात्र राहिला, कारण कोणी काढला नाही. बाहेरून आलेल्या माहितीची एक यादी जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत उतरवून घेणे, एवढेच त्या कोपऱ्याचे काम. यादीत काही नोंदी बिघडलेल्या असतील तर त्या वगळायच्या आणि यादीची लांबी कमी करून लिहायची. ही लांबी लिहिण्याच्या जागी घोटाळा होता. जागा मोठ्या संख्येची, पण दुरुस्ती करताना तिचा फक्त खालचा अर्धा भाग बदलला जात असे.

विद्यार्थ्याने दिलेले उदाहरण असे. समजा, वहीत लांबी १०२० लिहिली आहे. ती कमी होऊन ९८० व्हायला हवी. कारकून शेवटचे तीन आकडे खोडून ९८० लिहितो. पण हजाराच्या स्थानावरचा १ खोडायचे विसरतो. वहीत आता १९८० दिसते. जी संख्या घटायची ती जवळजवळ दुप्पट झाली. इकडे सामान ठेवायला जागा खऱ्या मापाची, म्हणजे लहान, राखून ठेवलेली; आणि सामान उतरवणारा माणूस वहीतली मोठी संख्या पाहून उतरवत राहतो. लहान खोली भरते आणि सामान शेजारच्या खोलीत, संगणकाच्या गाभाऱ्यात, सांडू लागते. काय सांडवायचे हे पाठवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. त्याने तेथे आज्ञा सांडवल्या, की संगणक त्या पाळू लागतो.

एका अंकस्थानाची ही चूक कित्येक वर्षे जगभरच्या संगणकांत बसून होती. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट परकी वाटू नये. पाठचिकित्सेत आपण दुसरे काय करतो? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या संपादकांनी शेकडो हस्तलिखिते समोर ठेवून हेच पाहिले : नकलाकाराचा हात कोठे घसरला, जुना पाठ कोठे तसाच राहून गेला, नंतरच्याने समजून न घेता काय जोडले. नकलाकाराला लिहायचे होते एक आणि कागदावर उतरले दुसरे, ह्या दोहोंमधील फट शोधणे हे चिकित्सक वाचनाचे मूळ काम आहे. संगणकाचा प्रोग्रॅम ही संहिताच असते. फरक एवढाच, की ती वाचणारे यंत्र लेखकाच्या हेतूची कदर करत नाही. जे लिहिले आहे तेच ते वाचते. ह्या अर्थाने ते आपल्यापेक्षा निष्ठुर वाचक आहे.

४

आता ह्या भोकाचा आमच्या किनाऱ्याशी काय संबंध, ते सांगायला हवे.

हे भोक अमेरिकेच्या ‘नॅशनल सिक्युरिटी एजन्सी’ला ठाऊक होते आणि ते वापरण्याचे साधन तिच्याकडे तयार होते. त्याचे नाव ‘इटर्नलब्लू’. सरावाच्या यंत्राचे नाव त्यावरूनच आले. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये भोक बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. एप्रिलमध्ये ‘शॅडो ब्रोकर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने ते साधन चव्हाट्यावर मांडले. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने त्याचा वापर करून हाहाकार उडवला. आणि २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ सुटला. खंडणी मागण्याचे सोंग घेतलेला, प्रत्यक्षात संगणक कायमचे निकामी करणारा हा प्रोग्रॅम काही तासांत देशोदेशी पोचला. त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या साधनांत इटर्नलब्लू होते. अमेरिका आणि ब्रिटन ह्यांच्या सरकारांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला.

डेन्मार्कची ‘मर्स्क’ ही जहाजकंपनी त्यात सापडली. तिच्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावा शेवा येथील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे कंटेनर टर्मिनल त्या दिवसांत ठप्प झाले. कोणता डबा कोणाचा, कोणत्या जहाजावर चढायचा, कोणत्या ट्रेलरवर उतरायचा हे संगणक सांगतो. संगणक गप्प झाला तर क्रेन, डबे आणि माणसे जागेवर असूनही बंदर आंधळे होते. माझ्या विद्यार्थ्याचे वडील तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी लावून वाट पाहत बसले होते. घरी आल्यावर त्यांनी सांगितले ते एवढेच, की “कंप्युटर बंद पडलाय.” कोणत्या तरी सैन्याने कोणत्या तरी शत्रूवर फेकलेली गोष्ट उरणच्या एका घरातील आठवड्याचा हिशेब बिघडवून गेली, हे त्या शाळकरी मुलाला कळायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. ‘ब्लू’चे भोक समजून घेताना त्याला ते कळले. तो मला म्हणाला, “सर, आमच्या बाबांची गाडी उभी राहिली ना, ती ह्याच्यामुळेही असू शकते.” सरावाच्या यंत्रावरील पाऊण तासाने त्याला हे दिले नव्हते, पंधरा दिवसांच्या वाचनाने दिले.

‘नॉटपेट्या’ची सुरुवात मात्र इटर्नलब्लूने झालेली नव्हती. युक्रेनमध्ये करभरणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणात तो लपून आला. विश्वासाच्या माणसाने पाठवलेले खोके म्हणून सर्वांनी तो घरात घेतला. जंजिऱ्याची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे थबकायला होईल. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर दगडी किल्ला उभा राहण्यापूर्वी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि राम पाटील हा त्यांचा प्रमुख होता. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात गलबते घेऊन आला, माल सुरक्षित ठेवण्यासाठी त्याने आश्रय मागितला, दारूची पिंपे भेट दिली, आणि रात्री कोळी नशेत असताना पेट्यांतून हत्यारबंद माणसे बाहेर पडली, असे सांगितले जाते. मेढेकोटाच्या लाकडात भोक नव्हते. पाहुण्याची पेटी उघडून पाहायची नसते, ह्या सभ्यतेत ते होते. पुढे त्याच जागी उभ्या राहिलेल्या किल्ल्याला आपण ‘अजिंक्य’ म्हणतो. शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी प्रयत्न करूनही तो पडला नाही, हा इतिहास आहे. पर्यटक तटबंदीकडे पाहून थक्क होतात. तिच्याआधीची पेट्यांची गोष्ट नावाड्याने सांगितली तर ऐकतात, आणि करमणूक म्हणून विसरतात.

मर्स्कने पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले. ह्या उभारणीत लागणारी एक मूळ नोंदवही जगभरच्या तिच्या सर्व कार्यालयांत नष्ट झाली होती. ती शाबूत सापडली घानामधील कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग ह्यांनी २०१८ मध्ये ही हकिकत लिहिली. भारनियमनाने कोणाचे भले झाल्याचे हे माझ्या माहितीतील एकमेव उदाहरण. असो. फेब्रुवारी २०२२ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातील दुसऱ्या एका टर्मिनलच्या संगणकव्यवस्थेवर खंडणीखोर हल्ला झाला, हेही नोंदवले पाहिजे. म्हणजे हा विषय आमच्या किनाऱ्यासाठी एकदाच घडून गेलेला अपघात नाही.

५

येथवर वाचून काही सहकारी म्हणतील, की हे सर्व ठीक. पण तरुण मुलांच्या हाती कुलपे उघडण्याची विद्या द्यायची का? हा आक्षेप खरा आहे आणि मला त्याचे उत्तर स्वतःच्या एका अपयशातून द्यावे लागेल.

त्याच वर्षी त्या विद्यार्थ्याने एका संस्थेच्या संकेतस्थळावर आपली गुणपत्रिका उघडली. पत्त्याच्या शेवटी त्याचा बैठक क्रमांक होता. ‘ब्लू’नंतर त्याची नजर बदललेली होती; त्याने शेवटचा अंक बदलला. दुसऱ्याच एका मुलीची गुणपत्रिका, तिच्या पूर्ण नावासह, समोर आली. त्याने ती बंद केली आणि दुसऱ्या दिवशी संबंधित कार्यालयात जाऊन प्रामाणिकपणे सांगितले. कार्यालयाने त्याला बसवून ठेवले. ‘हा हॅकिंगचा गुन्हा आहे, पोलिसांत देऊ’ असे सांगितले आणि माफीनामा लिहून मागितला. तो माझ्याकडे आला. मी त्याला म्हणालो, “अरे, लिहून दे आणि मोकळा हो. परीक्षा तोंडावर आहे.” त्याने लिहून दिले. ‘माझ्याकडून पुन्हा असे होणार नाही’ हे वाक्य मीच त्याला सुचवले. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका विद्यार्थिनीने सहज सांगितले, की तो अंक अजूनही बदलता येतो.

ह्या प्रसंगात कोण चुकले, ह्याचा विचार मी पुष्कळ केला आहे. मुलगा अंशतः चुकला. सरावाच्या यंत्रात आणि त्या संकेतस्थळात एक मूलभूत फरक होता : पहिल्याच्या मालकाने ‘शिरून पाहा’ म्हटले होते, दुसऱ्याच्या मालकाने म्हटले नव्हते. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, म्हणजे २००० सालच्या अधिनियमाचे, कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून संगणकव्यवस्थेत केलेल्या प्रवेशाविषयी आहे; तोच प्रवेश अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाचा हेतू अप्रामाणिक नव्हता. पण दुसऱ्याची पत्रिका न पाहताही त्याला शंका कळवता आली असती. केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून काम करते आणि असे दोष कळवून घेते. तिच्याकडे लिहिता आले असते. त्याला हे कोणी शिकवले नव्हते. वॉकथ्रूमध्ये पायऱ्या होत्या, थांबायचे कोठे ते नव्हते.

कार्यालय त्याहून अधिक चुकले. त्याने दाखवलेले भोक खरे होते आणि शेकडो मुलामुलींची माहिती त्यातून बाहेर सांडत होती. त्यांनी भोक बुजवण्याऐवजी दाखवणाऱ्याचे तोंड बुजवले. आणि तिसरा चुकलेला मी. ज्या मुलाला मी ‘संहिता उघड’ म्हणालो होतो, त्याने ती उघडून चूक दाखवली तेव्हा मी त्याला माफी मागायला लावले. छिद्रान्वेषी ही शिवी मी उच्चारली नाही एवढेच. व्यवहारात तीच दिली.

ही वृत्ती कार्यालयांपुरती नाही. आपल्या साहित्यव्यवहारात पुस्तकावरील परखड लेख हा लेखकावरील हल्ला मानला जातो, परिसंवादात अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावले जात नाही, आणि प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत दोष दाखवणारा परीक्षक ‘त्रासदायक’ ठरतो. परिणामी पुस्तके स्तुतीच्या तटबंदीत सुरक्षित राहतात आणि त्यांतील भोके वाचकाला एकट्याने, कोणाशी न बोलता, सापडत राहतात.

६

म्हणून माझे म्हणणे असे, की सरावाचे यंत्र फोडण्याचे शिक्षण द्यावे, आणि त्यात आम्हा भाषेच्या शिक्षकांचा हात असावा. कारण ह्या शिक्षणाचे जे तीन भाग मला महत्त्वाचे वाटतात ते तिन्ही आमच्या कक्षेतील आहेत.

पहिला वाचनाचा. साधनाने दार उघडले ह्यावर समाधान न मानता ते का उघडले हे मूळ संहितेपर्यंत जाऊन सांगता आले पाहिजे. दुसरा संमतीचा. एकच कृती परवानगीने परीक्षण ठरते आणि परवानगीवाचून घुसखोरी; ही सीमा पहिल्या पायरीआधी शिकवावी, शेवटच्या पानावरची सूचना म्हणून नव्हे.

तिसरा भाग लेखनाचा आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. ह्या व्यवसायात आत शिरणे हे अर्धेच काम. मालक पैसे देतो ते अहवालासाठी. मी काय केले, कोणत्या क्रमाने केले, काय आढळले, त्याने काय बिघडू शकते, दुरुस्ती कशी करावी, हे असे लिहायचे, की दुसऱ्याला ते वाचून तसेच करून पाहता यावे. विशेषणे चालत नाहीत. ‘अत्यंत भयंकर’ असे लिहून भागत नाही. किती आणि कसे ते सांगावे लागते. वाचणाऱ्याला अपमानित केले तर तो दुरुस्ती करणार नाही, आणि चुचकारले तर त्याला गांभीर्य कळणार नाही. मी पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांकडून समीक्षेचे निबंध लिहून घेतले. असे गद्य मला क्वचित मिळाले. आणि असे गद्य मराठीत तर जवळजवळ नाहीच. बंदरावरील कारकून, पतसंस्थेचा व्यवस्थापक, ग्रामपंचायतीचा संगणक सांभाळणारा मुलगा ह्यांना ज्या भाषेत आपले भोक समजावून सांगायला हवे, त्या भाषेत तो अहवाल लिहिलाच जात नाही.

गेल्या वर्षापासून मी शेवटच्या वर्षाच्या उपयोजित मराठीच्या तासाला एक स्वाध्याय देतो. संगणकशाखेच्या सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी एक नवशिक्यांचे यंत्र पाहायचे आणि त्यावर चार पानांचा मराठी अहवाल लिहायचा. वॉकथ्रू वाचायला बंदी नाही. पण ‘का’चे उत्तर स्वतःच्या शब्दांत हवे. पहिल्या वर्षी आलेल्या अहवालांपैकी बहुतेक वाईट होते. एका मुलीने मात्र लिहिले होते, की यंत्राच्या मालकाला हे भोक दिसले नाही, कारण त्याने आपले घर नेहमी आतूनच पाहिले होते. मी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिले, की हे अनुमान आहे, पुरावा द्यावा. तिने पुरावा दिला.

तो जुना विद्यार्थी आता नवी मुंबईतील एका कंपनीत ह्याच कामात आहे. मध्यंतरी आला तेव्हा मी त्याला त्या माफीनाम्याविषयी बोललो. मी तेव्हा तुझ्याबरोबर कार्यालयात यायला हवे होते, असे म्हणालो. तो म्हणाला, “जाऊ द्या ना सर.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “ते दुरुस्त झालं का पण?”

मी पाहिलेले नाही, असे सांगितले. पाहायला मला परवानगी नव्हती. त्या संध्याकाळी मी त्या संस्थेला उद्देशून एक पत्र लिहिले, सर्ट-इनलाही त्याची प्रत पाठवली. त्यात कोठेही विशेषण नव्हते. विषयाच्या ओळीत लिहिले : आपल्या संकेतस्थळातील एका त्रुटीबाबत. खाली माझे पूर्ण नाव, हुद्दा आणि सही.